श्वापदनिवारण, वस्तीलगतचे

मनुष्यवस्तीच्या कडेने वावरणाऱ्या मांसाहारी वन्य प्राण्यांना अंगण, परस, गोठा व खुराडे यांपासून दूर ठेवण्याच्या उपायांस ही संज्ञा लावतात. असे प्राणी प्रदेशानुसार निरनिराळे असतात. उत्तर अमेरिकेत कायोट, इंग्लंडमध्ये तांबडे खोकड, तर महाराष्ट्रात कोल्हा, लांडगा, तरस व बिबळ्या हे त्यांतील प्रमुख होत. वस्तीजवळ दिवसा दडून राहणे, रात्री हिंडणे आणि मनुष्याने टाकलेल्या किंवा पाळलेल्या भक्ष्यावर काही अंशी जगणे, ही या प्राण्यांची समान लक्षणे होत. महाराष्ट्रापुरता विचार केल्यास या विषयाच्या इतिहासाचे चार टप्पे पडतात : परंपरागत राखण, ब्रिटिश अमदानीतील इनामी संहार, संरक्षण कायद्यानंतरची पकड व स्थलांतर, आणि प्राण्याला वस्तीकडे ओढणारी कारणे दूर करण्याचा अलीकडचा प्रयत्न.

प्राणी व त्यांचे वर्तन : कोल्हा (कॅनिस ऑरियस) हा कुत्र्याच्या कुलातील प्राणी असून त्याचे वजन सामान्यतः ८ ते ११ किग्रॅ. असते. उंदीर, घुशी, पक्षी, मेलेली जनावरे, बोरे, काकड्या, कलिंगडे व ऊस यांपैकी जे मिळेल ते तो खातो. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही मराठी म्हण त्याच्या या स्वभावाचे अचूक निरीक्षण आहे. ज्या परसात अल्पसे काही खावयास मिळते, तेथे तो पुन्हा येतो. उत्तर अमेरिकेतील कायोट (कॅनिस लॅट्रान्स) हा त्याचा जवळचा आप्त असून त्याच्या सवयी पुष्कळशा अशाच आहेत.

दख्खनच्या पठारावरील लांडग्याचे शास्त्रीय वर्णन १८३१ मध्ये विल्यम हेन्री साइक्स याने प्रसिद्ध केले. मुंबई सरकारच्या सेवेत असताना त्याने दख्खनमधील सस्तन प्राण्यांची जी यादी तयार केली, तीत लांडग्याबरोबरच येथील रानकुत्र्याचेही वर्णन आहे. लांडगा हा गवताळ माळांचा प्राणी असून पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत तो अद्याप आढळतो. मेंढ्या व शेळ्या हे तेथील त्याचे प्रमुख भक्ष्य होय. बिबळ्या (बिबट्या) मात्र डोंगर, झाडी, ऊस व शहराची कड अशा कोणत्याही ठिकाणी आसरा शोधतो. उंदरापासून वासरापर्यंत कोणतेही भक्ष्य त्याला चालते. माणसाच्या जिवाला धोका या प्राण्यापासून अधिक संभवत असल्याने महाराष्ट्रातील निवारणाचा इतिहास मुख्यत्वे त्याच्याभोवतीच घडला आहे.

परंपरागत राखण : ग्रामीण महाराष्ट्रात श्वापदांपासून संरक्षणाची साधने साधी व स्थानिक असत. परसाभोवती निवडुंग, शेर किंवा घायपात यांचे जिवंत कुंपण, अथवा बाभळी-बोरीच्या काट्यांची वई घालीत. कोंबड्या रात्री डालग्याखाली किंवा खुराड्यात आणि वासरे व शेळ्या घराच्या पडवीत घेत. रानात मुक्काम करणारे धनगर दोरखंडाच्या जाळीचे कुंपण घालून मेंढरे कोंडीत. या जाळीला वाघर म्हणतात. शेतात माळा बांधून गोफण, हाकारे, डबड्यांचा आवाज व शेकोटी यांच्या साहाय्याने रात्रीची राखण होत असे. या सर्व उपायांत प्राणी मारण्यापेक्षा त्याला भक्ष्यापर्यंत पोहोचू न देण्यावर भर होता.

या व्यवहाराला श्रद्धेचीही जोड होती. सह्याद्रीलगतच्या व कोकणातील अनेक गावांच्या शिवेवर वाघोबाची शिळा किंवा लाकडी कोरीव फळी आढळते. अकोले, जुन्नर व नासिक भागांतील आदिवासी समाजांत दिवाळीच्या सुरुवातीला वाघबारस पाळतात आणि गुराढोरांच्या रक्षणासाठी वाघदेवाची पूजा करतात. श्वापद शेजारीच राहणार, ही वस्तुस्थिती त्यात गृहीत धरलेली दिसते. तथापि या व्यवस्थेत हानी होत नसे, असे मानण्यास आधार नाही. जनावर गेले तर त्याचा भार त्या कुटुंबालाच सोसावा लागे आणि राखणीचे जागरण हा कुणब्याच्या व गुराख्याच्या आयुष्याचा एक कष्टप्रद भाग होता.

इनामी संहार : ब्रिटिश अमदानीत लागवडीचा विस्तार हे शासनाचे महसुली उद्दिष्ट बनले आणि हिंस्र श्वापदे हा त्यातील अडथळा मानला गेला. वाघ, बिबळे, लांडगे इत्यादींना मारणाऱ्यास सरकारी इनाम देण्यात येई. मारलेल्या प्राण्यांची आणि श्वापदांनी मारलेल्या माणसांची व गुरांची वार्षिक कोष्टके तयार होत. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अभ्यासानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ब्रिटिश भारतात ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबळे आणि सु. २,००,००० लांडगे मारले गेले. कोल्ह्याच्या वाट्याला वेगळाच प्रकार आला. इंग्लंडमधील खोकडाच्या शिकारीची हौस मुंबई, उटकमंड इत्यादी ठिकाणच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी शिकारी कुत्र्यांच्या साहाय्याने कोल्ह्यावर भागविली. या खेळाचा वस्तीच्या संरक्षणाशी फारसा संबंध नव्हता.

या संहाराचा परिणाम सर्व प्राण्यांवर सारखा झाला नाही. विस्तृत जंगलांवर अवलंबून असलेला वाघ पुण्याच्या परिसरातून नाहीसा झाला. लांडगा उरला, पण विरळ झाला. थोड्या जागेत दडणारे व अनेक प्रकारच्या भक्ष्यावर जगणारे बिबळ्या व कोल्हा हे मात्र टिकून राहिले.

अमेरिकेतील अनुभव याच स्वरूपाचा आहे. मूळचा पश्चिमेकडील गवताळ व शुष्क प्रदेशांतला कायोट सरकारी खर्चाने विष, सापळे व बंदुका वापरून लक्षावधींच्या संख्येने मारला गेला. १९३१ च्या एका कायद्याने या संहाराला संघराज्याचा कायमचा आधार मिळाला. लांडगा जवळजवळ नामशेष झाल्याने मोकळी झालेली जागा कायोटाने घेतली आणि विसाव्या शतकात तो खंडाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरला. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी संघराज्याच्या जमिनींवर श्वापदांसाठी विष वापरण्यास बंदी घातली. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे एका तीन वर्षांच्या मुलीचा घरासमोरच कायोटाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यानंतर त्या घराच्या आसपासच्या लहानशा टापूतच पन्नासहून अधिक कायोट पकडण्यात आले. एवढे प्राणी तेथे जगत होते, ते रहिवाशांनी जाणूनबुजून किंवा नकळत पुरविलेल्या अन्नामुळेच, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला.

वस्तीची सरकती सीमा : श्वापद वस्तीत आले, असे म्हटले जाते तेव्हा वस्तीची सीमा कोठे होती व कोठे गेली, हेही पाहणे आवश्यक ठरते. पुणे शहरातील कर्वेनगर हे या दृष्टीने उद्‌बोधक उदाहरण आहे. मुठा नदीच्या डाव्या तीरावरील या भागाचे मूळ नाव हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये येथे हलविण्यात आला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी त्यासाठी सहा एकर जमीन व झोपडी बांधण्यास ७५० रुपये दिले होते. हिंगणे त्या वेळी शहराबाहेरचे खेडे होते. फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आटोपून कर्वे तेथे पायी जात. भोवती शेते, माळ आणि टेकड्या असलेल्या अशा एकाकी वस्तीला कुंपण, दिवा व राखण यांखेरीज संरक्षणाचे दुसरे साधन नसे.

पुढे कर्व्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागलेला हा भाग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाट लोकवस्तीचा झाला. शहराची कड तेथून वारजे, बावधन, शिवणे व खडकवासला या दिशांना सरकली आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या विस्तीर्ण वृक्षाच्छादित आवाराला व सिंहगडाकडील डोंगररांगांना भिडली. कर्वेनगरच्या मध्यवस्तीत आज कोल्हेकुई ऐकू येण्याचा संभव नाही. परंतु तेथून काही किलोमीटरांवरच वन्य प्राण्यांचे मार्ग आणि गृहसंकुलांच्या भिंती एकमेकांना छेदतात. ९ डिसेंबर २०२० रोजी शेजारच्या कोथरूडमधील महात्मा सोसायटीत एक रानगवा शिरला. बघ्यांची गर्दी व पाठलाग यांमुळे तो सैरभैर धावत राहिला आणि बेशुद्ध करून पकडल्यानंतर त्याच दिवशी मरण पावला. त्याच महिन्यात बावधनजवळ दुसरा गवा दिसला, तेव्हा लोकांना दूर ठेवून त्याला जंगलाकडे परतण्यास वाट देण्यात आली. गवा मांसाहारी नाही. तथापि आत आलेल्या प्राण्यापेक्षा त्याच्याभोवती जमणारा समुदाय अधिक अनर्थकारक ठरू शकतो, हे या दोन घटनांनी दाखविले आणि तो धडा श्वापदांनाही लागू पडतो.

कायदा : मुंबई राज्यात १९५१ चा वन्य पशू व वन्य पक्षी संरक्षण अधिनियम हा शिकारीवर निर्बंध घालणारा महत्त्वाचा कायदा होता. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण अधिनियमाने इनामी संहाराची कल्पनाच संपुष्टात आणली. बिबळ्या व लांडगा हे प्राणी पहिल्या अनुसूचीत येतात. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली, कोल्ह्याचाही समावेश त्याच अनुसूचीत झाला. मानवी जीवितास धोकादायक ठरलेला असा प्राणी मारण्याची परवानगी केवळ राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात; त्यापूर्वी त्याला पकडणे, बेशुद्ध करणे अथवा अन्यत्र हलविणे शक्य नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्‌भावनेने केलेली कृती मात्र गुन्हा ठरत नाही.

पकड व स्थलांतर : कायद्याने मारण्यावर निर्बंध आल्यावर प्राण्याला पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलात सोडणे हा स्वाभाविक पर्याय वाटला. त्याची कसोटी पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात लागली. कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे जुन्नर, आंबेगाव व शिरूर तालुक्यांत बारमाही पाणी आले आणि उसाचे क्षेत्र वाढले. दाट ऊस हा बिबळ्याला दिवसा लपण्यास व मादीला पिले वाढविण्यास सोयीचा असतो. ऊसतोडणीच्या वेळी हा आसरा एकाएकी नाहीसा होतो आणि तोडणी कामगारांच्या उघड्या खोपी त्याच शेताच्या बांधावर असतात.

जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ पासून बिबळ्यांना मोठ्या प्रमाणावर पकडून हलविण्यास प्रारंभ झाला. २९ बिबळे सरासरी सु. ४० किमी. अंतरावरील जंगलांत सोडण्यात आले. त्यानंतर हल्ल्यांची वार्षिक सरासरी १७ वर गेली आणि प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोहोचले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या निष्कर्षांनी प्रचलित समजुतीला धक्का दिला. आपला मुलूख सोडावा लागलेला बिबळ्या नव्या जागी अस्वस्थपणे भटकतो वा परत फिरतो आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबळ्या घेतो, असे याचे स्पष्टीकरण देण्यात येते. जुन्नरजवळील माणिकडोह येथे पकडलेल्या बिबळ्यांसाठी निवारा केंद्र उभारण्यात आले. परंतु आयुष्यभर कोंडून ठेवण्यासही जागेची व खर्चाची मर्यादा पडते.

याच संशोधकांनी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात स्वयंचलित छायाचित्रकांच्या साहाय्याने पाहणी केली. जंगल जवळजवळ नसलेल्या आणि दर चौ.किमी.स तीनशेहून अधिक माणसे राहत असलेल्या त्या शेतीप्रदेशात दर १०० चौ.किमी.मध्ये सु. ५ प्रौढ बिबळे असल्याचे आढळले. त्यांच्या विष्ठेच्या परीक्षणावरून भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के भाग पाळीव वा वस्तीतील प्राण्यांचा आणि त्यातही ३९ टक्के कुत्र्यांचा असल्याचे दिसून आले. म्हणजे बिबळ्या तेथे जंगलातून वाट चुकून आलेला नव्हता. तो त्या प्रदेशाचाच रहिवासी होता आणि मोकाट कुत्री हे त्याच्या वास्तव्याचे एक मोठे कारण होते.

या ज्ञानाच्या आधारे केंद्र शासनाने २०११ मध्ये मानव-बिबळ्या संघर्षाविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. सरसकट पकड व स्थलांतर टाळणे, जनजागृती करणे, घटनास्थळी गर्दीवर नियंत्रण ठेवणे आणि नुकसानभरपाई सत्वर देणे यांवर त्यांत भर आहे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगत २००४ मध्ये हल्ल्यांची संख्या एकाएकी वाढली होती. तेथे २०११ पासून वनविभाग, अभ्यासक, नागरिक व पत्रकार यांच्या सहकार्याने याच धर्तीवर मोहीम राबविण्यात आली. याच महानगरात खाडीकाठच्या तिवरांच्या वनात कोल्हेही टिकून असून ते अधूनमधून गृहसंकुलांच्या आवारांत दिसतात.

निवारणाचे प्रचलित उपाय : सांप्रत ग्राह्य मानले जाणारे उपाय पुढील तत्त्वांवर आधारलेले आहेत. (१) अन्न : ओला कचरा, मांसाचे अवशेष व मेलेली जनावरे उघड्यावर टाकू नयेत. कचऱ्यावर कुत्री, डुकरे व घुशी पोसल्या जातात आणि त्यांच्या मागावर बिबळ्या किंवा कोल्हा येतो. पाळीव प्राण्यांचे खाणे रात्री बाहेर ठेवू नये आणि वन्य प्राण्यांना हौसेने खाऊ घालू नये. (२) कोंडवाडा : गोठ्याला चारही बाजूंनी व वरून मजबूत जाळी असावी, केवळ भिंतीवरून बिबळ्या सहज उडी मारतो. खुराड्याची जाळी जमिनीत काही अंतर पुरावी, कारण कोल्हा उकरून आत शिरतो. (३) आडोसा : घराला लागून ऊस अथवा दाट झुडपे ठेवू नयेत, अंगणात व शौचालयाच्या वाटेवर उजेड असावा. (४) माणसे : संध्याकाळनंतर मुलांना एकटे बाहेर सोडू नये. वाकलेला किंवा बसलेला माणूस श्वापदाला लहान भक्ष्यासारखा भासतो; त्यामुळे अंधारात शेतात काम करताना किंवा उघड्यावर शौचास जाताना धोका वाढतो. मोठ्याने बोलत, काठी व विजेरी घेऊन चालणे हितावह असते. (५) गाठ पडल्यास : पाठ फिरवून पळू नये, उभे राहून हात उंचवावे, आवाज करावा आणि प्राण्याला निघून जाण्यास वाट ठेवावी. कायोटाबाबत अमेरिकेतही हीच शिकवण दिली जाते. (६) आलर्क : कोल्ह्याने चावा घेतल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुऊन त्वरित आलर्कप्रतिबंधक लस टोचून घ्यावी, अंगावर धावून येणारा कोल्हा पिसाळलेला असण्याची शक्यता असते.

ऊसतोडणीत बिबळ्याची पिले सापडल्यास ती उचलून नेण्याऐवजी त्याच शेतात सुरक्षित खोक्यात ठेवून माणसांनी दूर व्हावे, अशी पद्धत जुन्नर भागात रूढ झाली आहे. मादी बहुधा रात्री येऊन पिले घेऊन जाते. पिले हरवलेल्या मादीपासून कामगारांना होणारा धोकाही त्यामुळे टळतो.

मूल्यमापन : हे उपाय निर्विवाद असले, तरी ते सर्वांना सारखे सुलभ नाहीत. शहरातील गृहसंकुलाला भिंत, दिवे, पहारेकरी आणि नियमित कचरासंकलन उपलब्ध असते. ऊसतोडणी कामगाराच्या खोपीला दारही नसते. मळ्यातील एकाकी घराला रात्रीच्या विजेची शाश्वती नसते. २०२५ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात सु. तीन आठवड्यांत दोन मुले व एक वृद्धा बिबळ्याच्या हल्ल्यांत मरण पावली. संतप्त ग्रामस्थांनी महामार्ग रोखला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नरभक्षक ठरविलेल्या बिबळ्याला परवानगीने ठार करण्यात आले. मादी बिबळ्यांच्या निर्बीजीकरणाचा मर्यादित प्रयोग करण्याचा विचारही त्यानंतर पुढे आला. ज्या घरातील मूल गेले, त्याला सहजीवनाची सूत्रे अपुरी वाटावीत, हे समजण्यासारखे आहे. मृताच्या वारसांना शासन साहाय्य देते. परंतु ते साहाय्य म्हणजे निवारण नव्हे.

दीड शतकाच्या अनुभवावरून एवढे निश्चित म्हणता येते, की संहाराने वा स्थलांतराने रिकामी झालेली जागा, तेथील भक्ष्य व आडोसा कायम असेतोवर, फार काळ रिकामी राहत नाही. विशिष्ट धोकादायक प्राणी दूर करणे काही प्रसंगी अपरिहार्य ठरते. पण वस्तीचे दीर्घकालीन संरक्षण बंद गोठा, स्वच्छ परिसर, कुत्र्यांच्या संख्येवर नियंत्रण, उजेडाची वाट आणि घराजवळचे शौचालय यांवर अवलंबून असते. हिंगण्याच्या माळावर एके काळी ज्याचे त्याने करावयाचे असलेले हे काम आता नगरपालिका, ग्रामपंचायती, वनविभाग आणि साखर कारखाने यांच्या सामाईक जबाबदारीचा विषय बनले आहे. खोपीत झोपणाऱ्या कामगारापर्यंत ते कितपत पोहोचते, यावरच त्याचे यश मोजावे लागेल.